‘पाणी आला’ म्हणणारा नातू

गेल्या मे महिन्यातील एक लहानसा प्रसंग आपणांस प्रथम सांगतो. माझ्या थोरल्या वहिनींचा नातू सुटीत दिल्लीहून साताऱ्यास आला होता. मुलगा सात वर्षांचा, बोलका आणि चौकस. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे त्याचा जन्म, शाळा, खेळगडी सारे दिल्लीचेच. घरात मात्र आईवडील त्याच्याशी नेमाने मराठी बोलतात. एके दिवशी पहाटे नळास पाणी आल्याबरोबर तो धावत माजघरात शिरला आणि आनंदाने ओरडला, “आजी, पाणी आला!” जमलेली मंडळी खो खो हसली. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. कोणी विचारले, “अरे, पाणी काय तुझा मामा आहे, ‘आला’ म्हणायला?” पुढे दोन दिवस नळ वाहू लागला की, घरातील मोठी माणसे ‘पाणी आला, पाणी आला’ असा घोष करीत. तिसऱ्या दिवसापासून मुलगा आजीशी हिंदीत बोलू लागला. वहिनींना हिंदी समजते बेताचीच, आणि बोलता तर येतच नाही. उरलेली सुटी त्या दोघांनी खुणांवर आणि ‘हो-नाही’वर काढली.

त्या मुलाचे नेमके काय चुकले होते, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. पुढे मात्र त्याने पाठ सोडली नाही. मराठीत पाणी नपुंसकलिंगी, म्हणून ‘पाणी आले’. हिंदीत लिंगे दोनच, आणि तेथे ‘पानी’ पुल्लिंगी, म्हणून ‘पानी आया’. मुलाने त्या ‘आया’चे ‘आला’ केले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने हिंदीतला प्रत्यय उचलून मराठीत घातला नाही; पुल्लिंगी नामास शोभणारा अस्सल मराठी प्रत्ययच वापरला. चूक झाली ती एका शब्दाच्या लिंगापुरती. आता अशी कल्पना करा की, हेच मूल न्यू जर्सीत वाढत आहे आणि त्याची दुसरी भाषा इंग्रजी आहे. इंग्रजीत नामांना असे लिंगच नसल्यामुळे तिकडून उसने आणण्यासारखे काही नाही. असे मूल बहुधा ‘पाणी आली’ म्हणेल. मुलगी, काकी, टोपी, खुर्ची ही सारी ईकारान्त आणि स्त्रीलिंगी. तेव्हा पाणीही त्यांच्यातलेच, असा हिशेब ते मनाशी करील. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन चुका, आणि दोहोंमागे दोन निराळी, पण आपापल्या परीने सुसंगत कारणे. (दही आणि लोणी नपुंसकलिंगी, तर मोती पुल्लिंगी का, हे आपणांस तरी सांगता येईल काय?)

अशा मुलांच्या घरच्या भाषेस भाषाशास्त्रज्ञ ‘वारसाभाषा’ म्हणतात. जन्मापासून घरात कानी पडलेली, परंतु उंबरठ्याबाहेर, शाळेत आणि बाजारात न चालणारी भाषा ती वारसाभाषा. परदेशी गेलेल्यांपुरताच हा प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती, आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे बदलीच्या नोकरीमुळे, व्यापारामुळे अथवा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्यामुळे महाराष्ट्राबाहेर राहतात. हा अंक आपण जबलपूरच्या रेल्वे वसाहतीत वाचीत असाल, किंवा कोलकात्यास, किंवा बेंगळूरूच्या एखाद्या उंच इमारतीत. आपल्याही घरात असे एखादे ‘पाणी आला’ नक्कीच असेल.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास गेल्या तीस-चाळीस वर्षांतच झाला. त्यात मारिया पोलिन्स्की या विदुषींचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या रशियन कुटुंबांतील जी मुले तेथेच वाढली, त्यांच्या रशियन भाषेचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. रशियनमध्येही आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. सफरचंदाला तेथे जो शब्द आहे, त्याच्या अखेरीस लिहिताना ‘ओ’ असतो. पण त्या अक्षरावर आघात नसल्यामुळे तो बोलताना ‘अ’सारखा ऐकू येतो. शब्द नपुंसकलिंगी. परंतु अकारासारखा शेवट ऐकू येणारी बहुतेक रशियन नामे स्त्रीलिंगी असतात. ज्यांची रशियन बरीच क्षीण झाली होती अशा व्यक्ती सफरचंदाला सरसकट स्त्रीलिंगी मानीत. उलट, ‘रात्र’ या अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी असूनही व्यंजनान्त आहे, आणि व्यंजनान्त नामे बव्हंशी पुल्लिंगी. म्हणून रात्र पुल्लिंगी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचे तात्पर्य असे की, या मंडळींच्या बोलण्यातून व्याकरण नाहीसे झालेले नव्हते. तीन लिंगांची गुंतागुंतीची व्यवस्था जाऊन तेथे दोन लिंगांची, कानाला पटणारी आणि बव्हंशी अपवादरहित व्यवस्था आलेली होती. ती कोणी शिकविली नव्हती. एकमेकांना कधी न भेटलेल्या मुलांनी ती आपापल्या घरी स्वतंत्रपणे रचली होती. मला तर यात न्यू जर्सीतील त्या काल्पनिक मुलाची ‘पाणी आली’च ऐकू येते.

वारसाभाषेतून काय आधी गळते आणि काय अखेरपर्यंत टिकते, यालाही एक क्रम असतो. लिंग, विभक्ती, कर्त्याशी वा कर्माशी क्रियापदाचा मेळ या गोष्टी प्रथम डळमळतात. त्या मानाने काळाचे भान पुष्कळच चिवट असते. काल आणि उद्या यांत मूल सहसा गोंधळत नाही. ज्या प्रत्ययाचा उच्चार हलका, आणि ज्यावाचून ऐकणाऱ्याचे काही अडत नाही, तो आधी जातो असे स्थूलमानाने म्हणता येईल. अमेरिकेत वाढलेल्या हिंदी भाषकांचा अभ्यास सिल्व्हिना मोंत्रुल, राकेश भट्ट व अर्चना भाटिया यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. ‘मैंने रोटी खाई’ यातील ‘ने’ आणि सजीव कर्मापुढचा ‘को’ गाळण्याकडे त्या मंडळींचा कल दिसून आला. आपल्या मराठीत हेच दुखणे सामान्यरूपात प्रकट होते. प्रत्यय लागण्यापूर्वी ‘घोडा’चे ‘घोड्या’ आणि ‘शाळा’चे ‘शाळे’ करावयाचे, ही आपली खास कसरत आहे. परप्रांतात वाढलेले मूल ‘घोडाला’ म्हणते, ‘आंबाचा रस’ मागते. प्रत्यय ठाऊक असतो, कोठे लावावा हेही ठाऊक असते. फक्त मधला सांधा निखळलेला असतो.

टिकते काय, तर उच्चार. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतील भेद, ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च हे ज्याने पाळण्यात ऐकले, त्याच्या कानातून ते सहजी जात नाहीत. वाक्यातील शब्दांचा क्रम टिकतो. शब्दसंग्रह मात्र विचित्र आकाराचा होतो. पोळपाट, उलथणे, नजर काढणे, रुसवा हे सारे येते. ‘न्यायालय’ किंवा ‘त्रिकोण’ म्हटले की मूल थबकते, कारण त्या वस्तू स्वयंपाकघरात कधी आलेल्या नसतात. पोलिन्स्की यांना असेही आढळले की, नित्याच्या दोनएकशे मूलभूत शब्दांपैकी ज्याला अधिक येतात, त्याचे व्याकरणही अधिक शाबूत असते. आणखी एक गोष्ट. या लोकांना एखादे वाक्य ऐकवून ‘हे बरोबर की चूक?’ असे विचारले, तर चुकीच्या वाक्यालाही चूक म्हणण्यास ते धजत नाहीत. ‘असेलही बरोबर, मला कोठे सारे येते,’ असा त्यांचा भाव असतो. भाषेहून आधी गेलेला असतो तो तिच्यावरचा हक्क. साताऱ्यास दोन दिवसांत आम्ही तेच केले.

आरंभी अभ्यासक या भाषेस ‘अपूर्ण’ म्हणत. पुढे तान्या कुपिश, जेसन रॉथमन यांसारख्यांनी या शब्दावरच आक्षेप घेतला, आणि तो मला सर्वथा मान्य आहे. अपूर्ण कशाच्या मानाने? मूल भाषा शिकते ती आईबापांच्या तोंडून, ग्रंथांतून नव्हे. रॉथमन आणि आक्रिझिओ पिरेस यांनी २००९ साली पोर्तुगीज भाषेतील एक मासलेवाईक उदाहरण दिले. त्या भाषेत क्रियापदाचे एक रूप असे आहे की, पोर्तुगालमध्ये ते बोलण्यात जिवंत आहे; ब्राझीलच्या बोलचालीतून मात्र ते गेले असून तेथील मुले ते शाळेत शिकतात. अमेरिकेत वाढलेल्या पोर्तुगीज घरांतील मुलांना हे रूप अवगत होते, ब्राझीली घरांतील मुलांना नव्हते. ब्राझीली मुले ते विसरली, असे कसे म्हणावे? त्यांच्या कानी ते कधी पडलेच नव्हते. प्रस्तुत लेखातील ‘करावयाचे’, ‘दिसून आला’, ‘बव्हंशी’ ही मराठी आपल्या घरी जेवताना कोण बोलतो, याचा आपणच विचार करावा.

याच संदर्भात तंजावरची आठवण होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य स्थापिले, आणि १८५५ साली ते कंपनी सरकारने खालसा केले. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. राज्य गेले, पण त्या काळी दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांत मराठीची एक बोली घरगुती व्यवहारात चालत राहिली. शाळा आणि बाजार तमिळचा. पुण्याकडील माणूस ती ऐकतो आणि ‘बिघडलेली मराठी’ म्हणून मोकळा होतो. परंतु दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले ते १८३६ साली, आणि आजची छापील प्रमाण मराठी घडली ती त्यानंतर. जे लोक त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी घर सोडून गेले, ते या मराठीपासून ढळले असे म्हणणे म्हणजे नातवाची उंची हे आजोबांचे माप ठरविण्यासारखे आहे.

आणि ज्या मराठीचा आपण अभिमान बाळगतो, ती तरी दोन भाषा बोलणाऱ्यांच्या हातून घडलेली नाही काय? ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतील भेद पाहा. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामील, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला. संस्कृतात हा भेद नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही, तमिळ आणि तेलुगूत मात्र तो चोख आहे. द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासातून तो मराठीत आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे केव्हातरी, कोण्या काळी, दोन भाषा घरात असलेल्या माणसांनी तो इकडे आणला. दिल्लीचे मूल पाहुण्यांना ‘चला, आम्ही जेवू’ म्हणते तेव्हा ज्या नियमावरून आपण त्याला टोकतो, तो नियमच अशा मुलांच्या पूर्वजांनी दिलेला असण्याचा संभव आहे! सांगलीनजीकच्या कुपवाडचे उदाहरण तर जगभरच्या भाषाशास्त्रीय ग्रंथांत उद्धृत होते. १९९८ पासून सांगली-मिरज महानगरपालिकेत समाविष्ट असलेले हे कुपवाड पूर्वी सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कानडी, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू एकत्र नांदल्या. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखविले की, तेथील मराठीने लिंगव्यवस्था कानडीच्या वळणावर नेली होती: पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, उरलेले सारे नपुंसक. तेथे या बोलण्याला कोणी हसत नव्हते, कारण सारा गाव तसेच बोलत होता. साताऱ्याच्या माजघरात आमचा पाहुणा एकटा होता.

इतके वाचून आपण म्हणाल, मग चालू द्यावे जसे चालले आहे तसे. तसेही नाही. पोलिन्स्की यांचाच २०११ मधील एक प्रयोग आईबापांना विचारात पाडणारा आहे. ‘ज्या मांजराच्या मागे कुत्रा लागला आहे ते मांजर कोणते?’ या धर्तीची गुंतागुंतीची वाक्ये रशियन घरांतील लहान मुलांना आणि तशाच घरांत वाढून प्रौढ झालेल्यांना ऐकवून योग्य चित्र दाखविण्यास सांगितले. लहान मुले रशियातील समवयस्क मुलांइतकीच चोख ठरली. प्रौढ मात्र गडबडले. अर्थात, लहानपणी पदरी असलेले व्याकरण वापर नसल्यामुळे पुढे झिजते. सातव्या वर्षी ‘येते की त्याला सगळे’ म्हणून आपण निर्धास्त झालो, तर पंचविसाव्या वर्षी ते असेलच असे नाही.

दुसरा प्रयोग स्पॅनिशविषयीचा. टेरी ऑ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अशा तरुणांची पाहणी केली, ज्यांनी बालपणी काही वर्षे स्पॅनिश नुसती ऐकली होती, पण बोलली नव्हती, आणि पुढे महाविद्यालयात ती नव्याने शिकावयास घेतली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्यांचे उच्चार इतर विद्यार्थ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस होते. व्याकरणात मात्र ते इतरांच्या पुढे नव्हते. २००८ साली त्यांनी बालपणी ती भाषा बोललेल्यांचीही पाहणी केली, तेव्हा त्यांना व्याकरणातही लाभ झालेला दिसला. पुष्कळ घरांत असे चालते की, आई मराठीत विचारते, मूल हिंदीत अथवा इंग्रजीत उत्तर देते, आणि व्यवहार सुरळीत पार पडतो. आईला वाटते, भाषा चालू आहे. वस्तुतः चालू आहे ते ऐकणे. व्याकरण जिभेवर बसावे लागते, आणि जीभ तर गप्प!

मुलाने बोलावे कोणाशी, हाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रोरा, गोल्स्पी आणि एम्बो अशी कोळ्यांची तीन गावे आहेत. नॅन्सी डोरियन यांनी १९६३ पासून तेथील विझत चाललेल्या गेलिक बोलीचा अभ्यास केला. त्यांना असे काही लोक भेटले की, ज्यांना बोली पुरती समजे, कोणाशी केव्हा काय बोलावे याचेही अचूक भान होते, पण स्वतःचे बोलणे चुकांनी भरलेले होते. डोरियन यांनी त्यांना ‘अर्धभाषक’ म्हटले. त्यांच्याच वयाचे इतर लोक केवळ इंग्रजी बोलत असता यांनी ही मोडकी बोली का धरून ठेवली, याची कारणे शोधताना एक कारण वारंवार पुढे आले: आजीचा किंवा आजोबांचा लळा. ही माहिती वाचली तेव्हा वहिनींचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले.

सरकारने आपल्याकडून वाट मोकळी ठेवली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५०-अ या अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला, आणि त्याचा आनंद आम्ही घरी पेढे वाटून साजरा केला. परंतु दिल्लीच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत ‘पाणी आला’चे काय करावयाचे, हे कोणत्याही अनुच्छेदात सापडणार नाही.

वहिनींनी आपल्यापुरता त्यावर उपाय काढला आहे. त्या दिवशी न हसणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे मला नंतर आठवले. जून उजाडल्यापासून दर रविवारी सकाळी त्या मोबाइल घेऊन माजघरात बसतात आणि दार लोटून घेतात. आत दुसऱ्या कोणी यावयाचे नाही, हा दंडक. नातवाने आठवड्याची सारी हकीकत सांगावयाची आणि त्यांनी मध्येमध्ये प्रश्न विचारावयाचे. पहिले तीन-चार रविवार तो हिंदीतच बोलला. वहिनी मराठीत विचारीत आणि त्याला शब्द अडला की थांबून राहत. चूक म्हणून त्यांनी कधी काढली नाही. व्याकरणाचे पुस्तक त्यांनी शाळा सुटल्यापासून पाहिलेले नाही. गेल्या रविवारी दाराबाहेर उभे राहून मी चोरून ऐकले, त्याची क्षमा असावी. दिल्लीस त्यांच्या वसाहतीत पाण्याची टंचाई होती.

“आजी, रात्री दहा वाजता पाणी आला.”

“अगंबाई, रात्री दहाला पाणी आलं? इतक्या उशिरा पाणी आलं होय! मग रे?”

“मग बाबा झोपले होते. म्हणून मी बादली भरली.”

बादली दोन्ही भाषांत स्त्रीलिंगीच.